पाच लितासची नोट

वाद सुरू झाला तो ताईमुळे. ती बारावीच्या पोरांना इंग्रजी शिकवते आणि त्या दिवशी अल्फोन्स दोदे या फ्रेंच लेखकाचा तो शेवटच्या तासाचा धडा संपवून आली होती. प्रशिया या जर्मन राज्याने १८७१ मध्ये फ्रान्सकडून अल्सास-लोरेन हा प्रांत घेतला, बर्लिनहून हुकूम आला की उद्यापासून शाळेत फक्त जर्मन, आणि चाळीस वर्षं शिकवलेले हॅमेल गुरुजी फ्रेंचचा शेवटचा तास घेतात. "दरवर्षी शिकवते आणि दरवर्षी शेवटच्या परिच्छेदाला माझा आवाज बसतो," ताई म्हणाली.

वकील लगेच सरसावून बसला. (तो वकील नाही. विम्याच्या कचेरीत आहे. भांडतो म्हणून वकील.)

"त्या गोष्टीतल्या पोराचं नाव काय?"

"फ्रान्झ."

"आणि मागच्या बाकावर अंकलिपी घेऊन बसलेल्या म्हाताऱ्याचं?"

"हाउझर. का?"

"ही फ्रेंच नावं वाटतात तुला?"

ताई गप्प झाली. मग तिने मास्तरांकडे पाहिलं. आमच्यात इतिहासाचा निकाल मास्तर देतात. निवृत्त आहेत, ऐकू कमी येतं, पण सनावळी पक्की.

मास्तर म्हणाले, "वकिलाचं बरोबर आहे, अर्धं. अल्सासमधल्या बहुतेक लोकांची घरची बोली जर्मन कुळातली. फ्रेंच ही शाळेची, कचेरीची, शहरातल्या वरच्या लोकांची. त्यामुळे गोष्टीतल्या पोराची मातृभाषा गेली, हे काही खरं नव्हे. त्याची शाळेची भाषा गेली."

"म्हणजे तो हुकूम योग्य होता?" ताई उसळली.

"तसं कोण म्हणतंय? पुढचं ऐक की. १९१८ मध्ये फ्रान्सने प्रांत परत घेतला आणि शाळेत फ्रेंच आली. १९४० मध्ये हिटलरचे लोक आले, फ्रेंचवर बंदी. १९४५ मध्ये ते गेले, मग प्राथमिक शाळेतून जर्मन बाहेर, आणि भिंतींवर पत्रकं लागली, फ्रेंच बोलणं झोकदार असतं म्हणून. चौऱ्याहत्तर वर्षांत फळ्यावरची भाषा चार वेळा पुसली. आणि त्यांची घरची बोली? ती चारही वेळा फळ्याच्या बाहेरच."

इथे चर्चा संपली असती तर बरं झालं असतं. पण वकिलाला अर्धं बरोबर ठरणं चालत नाही. त्याने नवीनच सिद्धान्त मांडला. बंदी हे भाषेचं खतपाणी आहे. ज्या भाषेवर हुकूम निघाला ती ताठ उभी राहिली: पोलिश, लिथुआनियन, कोरियन. आणि जिला कुणी हात लावला नाही ती आपल्या पायाने चालत गेली. त्याचा आवडता पुरावा आयर्लंड. "१८३१ ला इंग्रजांनी तिथे शाळा काढल्या, इंग्रजी माध्यमाच्या. पण आयरिश बोललात तर तुरुंगात टाकू, असं कुठे होतं? पोरांच्या गळ्यात लाकडी पट्टी अडकवायचे. पोरगं आयरिश बोललं की पट्टीवर एक खाच. दिवसाखेर खाचा मोजून छड्या. आणि हे आईबापांच्या संमतीने! आता तिथे स्वतःचं राज्य आहे, १९३७ च्या घटनेत आयरिश पहिली राजभाषा आहे, शाळेत सक्तीची आहे. घरात काय बोलतात? इंग्रजी. बंदीने जी भाषा मरत नाही ती आईबापाच्या हिशेबीपणाने मरते."

मुद्दा चांगला होता, हे कबूल करायला पाहिजे. मीही मान हलवली.

मास्तरांनी मात्र हलवली नाही. "मधला दुष्काळ विसरलास. १८४५ पासून पुढची सात वर्षं बटाट्याचं पीक कुजलं, दहा लाखांच्या आसपास माणसं मेली, त्याहून जास्त देश सोडून गेली. जास्त कोण मेलं? पश्चिमेकडचे गरीब, म्हणजे आयरिश बोलणारेच. ज्याला जहाजावर चढायचंय तो पोराला कुठली भाषा शिकवेल? हिशेबीपणा म्हणतोस तू. पर्याय दोन असले की हिशेब करता येतो, वकीलसाहेब."

"पण लिथुआनिया जगलं की नाही? कोरिया जगलं की नाही?"

"जगलेल्यांचीच नावं तुला माहीत असणार. बुडालेल्यांतलं एक सांग."

वकिलाला सुचेना. मास्तरांना तेच हवं होतं. "मी सांगतो. प्रशियन."

"प्रशियन म्हणजे जर्मनच ना?" ताईने विचारलं.

"तिथेच तर गंमत आहे. प्रशियन ही वेगळी भाषा होती, लिथुआनियनची सख्खी बहीण. तेराव्या शतकात जर्मन धर्मयोद्ध्यांनी तो मुलूख जिंकला, आणि अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ती भाषा संपली. मागे उरलं काय, तर सोळाव्या शतकातल्या तीन छापील धर्मपुस्तिका आणि शब्दांच्या याद्या. जिंकणाऱ्यांनी नाव मात्र ठेवून घेतलं. तुझ्या धड्यात ज्या प्रशियाचे शिपाई खिडकीबाहेर कवायत करतात ना, ते नाव त्या मेलेल्या भाषेच्या लोकांचं."

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग कुणीतरी गोव्याचा विषय काढला: १६८४ चा पोर्तुगीज व्हाइसरॉयचा फतवा, तीन वर्षांच्या आत कोंकणी सोडा आणि पोर्तुगीज बोला. तिथून गाडी घसरली ती थेट कोंकणी-मराठी वादात. अर्धा तास गेला. तो मजकूर इथे देत नाही, आम्हाला अजून एकमेकांची तोंडं बघायची आहेत.

तेवढ्यात नाण्याने पाकीट काढलं. नाण्या नाणी आणि नोटा जमवतो, आणि एरवी वादात पडत नाही. प्लास्टिकच्या पाकिटातली एक नोट त्याने दिव्याखाली धरली. "लिथुआनियाची आहे. १९९३ ची, पाच लितास. आता चालत नाही, २०१५ पासून तिथे युरो आहे. तुम्ही मघापासून जे भांडताय ते हिच्यावर छापलंय."

नोट हातोहात फिरली. पुढच्या बाजूला योनास याब्लोन्स्किस नावाचा भाषातज्ज्ञ. नोटेवर राजा नाही, सेनापती नाही, व्याकरण लिहिणारा माणूस. मागच्या बाजूला पेत्रास रिम्शा या शिल्पकाराचं शिल्प: एक बाई चरख्याशी बसली आहे, तिच्या गुडघ्याला टेकून एक लेकरू पुस्तक वाचतंय. शिल्प १९०६ चं आणि त्याचं नाव 'लिथुआनियन शाळा, १८६४–१९०४'.

"शाळा? ही?" ताई म्हणाली.

"हीच. दुसरी नव्हतीच."

मग मास्तर सुरू झाले आणि आम्ही ऐकत राहिलो. १८६३ मध्ये तिथे झारविरुद्ध उठाव झाला, तो मोडून काढला, आणि पुढच्याच वर्षी गव्हर्नर जनरल मुराव्योव्हने लिथुआनियन भाषेची लॅटिन अक्षरं बंद केली. बोलायला बंदी नव्हती. छापायचं तर रशियन लिपीत छापा. शाळा रशियनमध्ये. वर मखलाशी अशी की हे तुम्हाला पोलिश वळणातून सोडवण्यासाठीच चाललंय. लोकांनी ती सरकारी पुस्तकं हातात धरली नाहीत. पुस्तकं सरहद्दीपलीकडे पूर्व प्रशियात छापली जायची, तिल्सिटसारख्या गावांत, आणि रात्री पाठीवर गोण्या टाकून अलीकडे यायची. ती आणणाऱ्यांना त्यांच्या भाषेत शब्द आहे, क्निगनेशिस, म्हणजे पुस्तक वाहणारा. पकडला गेला तर दंड, तुरुंग, सायबेरिया. सरहद्दीवर गोळीही लागायची. युर्गिस बिएलिनिस त्यांतला सगळ्यांत नावाजलेला, अनेकदा पकडला गेला, दर वेळी निसटला. त्याचा जन्मदिवस, १६ मार्च, तिथे पुस्तकवाहकांचा दिवस म्हणून पाळतात.

"आणि हा पुढच्या बाजूचा?"

"याब्लोन्स्किस. याचं व्याकरण १९०१ मध्ये छापलं, तेही तिल्सिटला, आणि खोट्या नावाने. नंतर ज्यावरून सगळा देश शुद्ध लिहायला शिकला, ते पुस्तक चोरून आलेलं. ७ मे १९०४ ला बंदी उठली."

वकिलाला आयतं सापडलं. "हेच म्हणतोय मी! चाळीस वर्षं दाबलं आणि काय झालं? भाषा नोटेवर जाऊन बसली. मुराव्योव्हचे आभार मानायला हवेत."

यावर ताई जे बोलली ते मला अजून आठवतं, कारण ती रागावली नव्हती. ती कोरियाबद्दल बोलायला लागली. जपानी राजवटीत १९३८ मध्ये कोरियन हा शाळेत ऐच्छिक विषय झाला. ऐच्छिक, म्हणजे लवकरच नाहीसा. १९४० मध्ये जपानी पद्धतीची नावं घ्यायचा रेटा आला. या सगळ्यात काही माणसं १९२९ पासून कोरियन भाषेचा शब्दकोश करत बसली होती. ऑक्टोबर १९४२ मध्ये धरपकड सुरू झाली. शब्दकोश करणं हा राजद्रोह ठरला. ली युन-जे आणि हान जिंग हे दोघे कोठडीतच गेले. कोशाची हस्तलिखितं पुरावा म्हणून जप्त झाली.

"१५ ऑगस्ट १९४५ ला जपान शरण आलं. सुटून आलेली माणसं ते कागद शोधत फिरली. ८ सप्टेंबरला ते सापडले. कुठे, माहितीये? सोल स्टेशनच्या मालगोदामात. खटल्याचे कागद एका कोर्टातून दुसऱ्या कोर्टात पाठवले होते, ते तिथे तसेच पडले होते. पहिला खंड १९४७ मध्ये निघाला, सहावा १९५७ मध्ये."

"म्हणजे जगलीच की भाषा," वकील म्हणाला, पण आवाज जरा खाली आला होता.

"गोदामात कुणी शेकोटीला ते कागद वापरले असते तर?"

"नाही वापरले."

"नाही वापरले हे नशीब झालं. तू नशिबाला खतपाणी म्हणतोयस."

वकिलाने नोट परत मागून घेतली आणि उलटी करून बघत राहिला. मला वाटलं आता तो विषय बदलणार. पण त्याने वेगळंच विचारलं. "मास्तर, ही बाई पोराला वाचायला शिकवतेय. हिला कुणी शिकवलं?"

मास्तरांना प्रश्न आवडला. हार मानण्याची वकिलाची ही रीत आहे, ते त्यांना ठाऊक आहे. "बंदीच्या आधी तिथे चर्चच्या गावशाळा होत्या. वालांचियुस नावाचा बिशप होता, त्याने त्या वाढवल्या. बंदीनंतर पलीकडे पुस्तकं छापून आणायची सुरुवातही त्यानेच केली. समज, ही बाई १८६० मध्ये आठ वर्षांची असेल. त्या शाळेत दोन हिवाळे गेली, अक्षरं कळली. १८६४ ला दार बंद. १८८० ला ती अठ्ठावीसची, चरख्याशी बसलीये, पुढ्यात पोर."

"आणि जिची आई त्या शाळेत गेलीच नव्हती?"

"गावोगाव चोरून शिकवणारेही फिरायचे. हिवाळ्यात एखाद्याच्या घरी चार पोरं जमवायची, शिपाई आला तर पुस्तकं गवतात."

"ते ज्या गावात पोचले नाहीत तिथली पोरं?"

मास्तर काही बोलले नाहीत. ताईने बोटांवर हिशेब केला. चाळीस वर्षं. १८६४ मध्ये सहा वर्षांचं असलेलं पोर बंदी उठली तेव्हा शेहेचाळीसचं. त्याची स्वतःची पोरंसुद्धा शाळेचं वय ओलांडून गेलेली. देश नंतर झाला, नोट त्याहून नंतर छापली. बंदी नसती तर जे शाळेत गेलं असतं पण ज्याची आई वाचणारी नव्हती, त्या पोराला या सगळ्यातलं काही मिळालं नाही. हक्क होता तोवर अक्षरं शाळेत मिळत होती. हक्क गेला आणि आई कोण निघते त्यावर येऊन ठेपलं. वकिलाच्या सिद्धान्तात भाषा जगते, हे मला मान्य आहे. त्यात ते पोर कुठे बसतं, हे त्याला सांगता आलं नाही आणि मलाही येत नाही.

"तरी आयर्लंडचं माझं बरोबर आहे," वकील पुटपुटला.

"अर्धं," मास्तर म्हणाले.

नाण्याने हात पुढे केला. "नोट दे. आणि अशी धरू नकोस, घामाने डाग पडतात."

वकिलाने पाकिटात सरकवण्याआधी ती एकदा दिव्यासमोर आडवी धरली, त्या लेकराच्या पुस्तकात काय लिहिलंय ते दिसतंय का बघायला. छपाई बारीक होती. दिसलं नाही.