हाताने घासलेला आरसा अंदाजपंचे नसतो

दुर्बिणीच्या आरशाबद्दल एक दावा सध्या फार फिरतोय. त्याचा गोषवारा असा: आरशाचा पृष्ठभाग प्रकाशाच्या तरंगलांबीच्या अंशाइतका अचूक लागतो. माणसाच्या हाताचा दाब कमीजास्त होतो, म्हणून घरी पॉलिश केलेला आरसा अंदाजपंचेच. शिवाय तो तपासायला प्रयोगशाळा लागते. तेव्हा यंत्रावर बनलेलाच घ्यावा.

यातलं पहिलं वाक्य तेवढं खरं आहे. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ५५० नॅनोमीटर. परावर्तित तरंगात पाव तरंगलांबीहून जास्त चूक चालत नाही, आणि काचेवरची चूक परावर्तनात दुप्पट होते. म्हणजे काचेवर मुभा जेमतेम ७० नॅनोमीटरची. इतकं बारीक काम हाताला कसं जमेल, हा प्रश्न रास्त आहे.

पण आरसा हाताने कोरत नाहीत. काचेच्या दोन चकत्या एकमेकींवर घासतात, मध्ये कार्बोरंडमची (काच घासणाऱ्या कठीण पदार्थाची) पूड आणि पाणी. वरची चकती पुढेमागे सरकवायची, थोड्या थोड्या वेळाने जराशी फिरवायची आणि आपण टेबलाभोवती एक पाऊल पुढे व्हायचं. जिथे उंचवटा असेल तिथेच घासणी बसते, म्हणून तोच आधी झिजतो. कसंही सरकवलं, कितीही फिरवलं तरी एकमेकांना सगळीकडे टेकून राहू शकतात ते फक्त गोलाचे पृष्ठभाग. त्यामुळे वरची चकती खोलगट होत जाते, खालची फुगीर, आणि दोन्ही गोलाचेच तुकडे बनतात. हाताचा कमीजास्त दाब शेकडो फेऱ्यांत सगळ्या दिशांना वाटला जातो. खरी भीती असते ती तीच ती चाल घोटत राहण्याची. तिने आरशावर वर्तुळाकार पट्टे पडतात. हाताची चाल दर वेळी थोडी वेगळी पडते, हा इथे फायदाच आहे.

पॉलिशलाही हेच लागू. तिथे खालच्या चकतीवर पिचचा, म्हणजे डांबरासारख्या चिकट पदार्थाचा थर असतो, त्यात चौकोनी खाचा, आणि वर सेरियम ऑक्साइड या पॉलिशच्या बारीक पुडीचं पाणी. पिच ठोकली तर फुटते, पण वजन ठेवून वाट पाहिली तर सावकाश वाहते आणि आरशाचा आकार घेते.

आता प्रयोगशाळा. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लेऑन फूकोने १८५८ च्या सुमारास शोधलेल्या चाचणीला बारीक छिद्रामागचा एक दिवा आणि दाढीचं ब्लेड पुरतं. दिवा वक्रतेच्या केंद्राशी, म्हणजे आरसा ज्या गोलाचा तुकडा आहे त्याच्या मध्याशी ठेवायचा, परतणारा प्रकाश ब्लेडने हळूहळू कापायचा आणि आरशाकडे पाहायचं. आरसा गोल असेल तर सगळा एकदम राखाडी होतो. नसेल तर सावल्यांत डोंगरदऱ्या दिसतात. या चाचणीच्या तीक्ष्णपणावर शंका असेल त्याने आरशावर अंगठा काही सेकंद टेकवून काढावा आणि पुन्हा पाहावं. अंगठ्याच्या उबेने फुगलेली काच तिथे टेकडीसारखी वर आलेली दिसते आणि काही मिनिटांत विरते. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या रात्री पॉलिशला हातच लावला नाही. टेकडी उठवायची आणि मावळताना पाहायची, एवढंच करत बसलो.

‘गोल जमेल, पण आरसा तर पॅराबोला (गोलापेक्षा कडेकडे किंचित सपाट होत जाणारा आकार) हवा,’ असंही यावर कुणी म्हणेल. बरोबर. मग आकडेच मांडू. ६ इंच व्यास आणि ४८ इंच नाभीय अंतर (आरशापासून ताऱ्याची प्रतिमा बनते तिथपर्यंतचं अंतर) असलेल्या आरशाची मध्यावरची खोली सुमारे १.२ मिलिमीटर. त्याच्या पॅराबोलाची सर्वांत जवळच्या गोलाशी तुलना केली तर फरक ७० नॅनोमीटरच्या आसपास भरतो. म्हणजे नुसता चांगला गोल झाला तरी आरसा मुभेच्या उंबरठ्यावर येतो. पुढचं काम थोडक्या लांब फेऱ्यांचं, दर वेळी काच निवू देऊन पुन्हा तपासण्याचं.

यंत्र म्हणजे अचूकता, हे समीकरणही तपासून घ्यावं. १९९० मध्ये अवकाशात गेलेल्या हबल दुर्बिणीचा २.४ मीटरचा आरसा यंत्राने अत्यंत गुळगुळीत केला होता. पण तपासणीच्या उपकरणातलं एक भिंग १.३ मिलिमीटरने चुकीच्या जागी बसलं होतं. आरसा त्या चुकीच्या मापाबरहुकूम झाला, कडेला सुमारे २ मायक्रॉन जास्त सपाट. आरसा शेवटी त्याच्या चाचणीइतकाच चांगला असतो, मग तो यंत्रावरचा असो की हातचा. १७८१ मध्ये विल्यम हर्शेलला युरेनस सापडला तो त्याने स्वतः घासलेल्या धातूच्या आरशातून.

आज रात्रीच आकाश पाहायचं असेल तर तयार आरसा जरूर घ्या. त्यात काही वावगं नाही, आणि घरी केल्याने पैसे वाचतीलच असंही नाही.

एक खरी अडचण मात्र त्या दाव्यात आलेलीच नाही: ढळलेली कड. पिच मऊ असली किंवा फेऱ्या लांब झाल्या की आरशाची कड आतल्या भागापेक्षा जास्त झिजते. माझ्या पहिल्या आरशाची बाहेरची दोन मिलिमीटर कड अशीच गेली होती. काळ्या कागदाची कडी लावून ती झाकली, आणि शनीच्या कड्यांमधली कॅसिनीची फट त्याच आरशातून स्वच्छ दिसली.