एका कुंडीचा बागायतदार

"किती एकर?" मोरचूद, म्हणजे तांब्याचं निळं मीठ, मोजण्याआधी कृषी केंद्रातल्या माणसाने विचारलं.

"एक कुंडी."

त्याने माझ्याकडे, मग हातातल्या हेल्मेटकडे पाहिलं आणि अर्ध्या किलोची पुडी पुढे सरकवली. मला हवे होते दहा ग्रॅम.

मी बँकेत कारकुनी करतो, इंदिरानगरात तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि वयाच्या ५४व्या वर्षी दूरशिक्षणाने उद्यानविद्येची पदव्युत्तर पदविका करतो आहे. मुघलांच्या काळात नाशिकचं नाव गुलशनाबाद होतं. त्या गुलशनाबादेत माझ्या गॅलरीतला कढीपत्ता दोनदा वाळला, म्हणून म्हटलं, आता शास्त्रशुद्ध शिकूनच घ्यावं. शास्त्रशुद्ध शिकल्यावर तो तिसऱ्यांदा वाळला. फरक एवढाच, की या वेळी कारण मला पाच गुणांइतकं सविस्तर सांगता आलं. ही ऐकून घेते आणि शेवटी विचारते, "अहो, पण पाणी घातलं होतं का?"

भाषेचा घोळ वेगळाच. हरतालिकेच्या आदल्या दिवशी मी स्वाध्याय लिहीत होतो आणि हिने खांद्यावरून मथळा वाचला : 'केवड्याचे नियंत्रण'. पूजेला केवडा मिळता मिळत नाही आणि हा माणूस त्याच्या मुळावर उठलाय! द्राक्षावरच्या रोगाचं ते नाव आहे हे पटवायला निफाडच्या मेहुण्याला फोन लावावा लागला. त्याची बाग आहे. तो म्हणाला, "केवडा? डावनी म्हणा ना दाजी." माझ्या पुस्तकात 'डावनी' नाही, त्याच्या शिवारात 'केवडा' नाही. रोग मात्र दोन्हीकडे एकच.

तर त्या केवड्यावरचं औषध म्हणजे बोर्डो मिश्रण, आणि प्रात्यक्षिक वहीला त्याचा फोटो चिकटवायचा होता. एक टक्क्याचं प्रमाण सोपं आहे : एक किलो मोरचूद, एक किलो चुना, १०० लिटर पाणी. माझं आपलं लिटरभराचं. मोरचूद वेगळ्या भांड्यात, चुना वेगळ्या भांड्यात, मग दोन्ही तिसऱ्यात ओतत ढवळायचं. भांडी लोखंडाची चालत नाहीत, त्यामुळे हिची दोन प्लास्टिकची भांडी आणि नवीन टब कामी आला. मोरचूद एवढा असताना चुन्यासाठी वेगळा खर्च कशाला, म्हणून चुना पानवाल्याकडून आणला होता.

निळंशार मिश्रण झालं. आता कसोटी. लोखंडी वस्तू बुडवायची, तिच्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी. हाताशी सासऱ्यांचा अडकित्ता होता. बुडवला, काढला, तर तांब्याचा! इतक्या वर्षांच्या नोकरीत लोकांनी मला एवढा चुना लावला, आणि नेमका गरजेच्या दिवशी तो कमी पडला.

"हा तांब्याचा कधी झाला?" म्हणत सासऱ्यांनी सुपारी पुढे ओढली तेवढ्यात ही ओरडली आणि तिने अडकित्ता हिसकावला. तेव्हापासून टब गॅलरीत आहे आणि मी जवळजवळ तिथेच.

मेहुण्याला मी या मिश्रणाचा इतिहासही ऐकवला. फ्रान्समधल्या बोर्डो भागात बागाईतदार रस्त्याकडेच्या वेलींना मोरचूद-चुना फासत, म्हणजे येणारेजाणारे द्राक्षं तोडणार नाहीत. त्याच वेलींवर रोग नाही हे मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं आणि १८८५ मध्ये त्याने हा उपाय जाहीर केला. मेहुणा शांतपणे म्हणाला, "आपल्याकडं फासून बघा दाजी. धुऊन खातील."

ऑक्टोबर छाटणीला त्याने मला बोलावून घेतलं. कात्री हातात दिली. "छाटा. तुम्ही शिकलेले."

काडीच्या जाडीवरून किती डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, ठेवायचे हा घटक मला तोंडपाठ होता. पण पुस्तकातल्या चित्रात काडी एकच होती आणि इथे वेलीवर काड्यांचं जंगल. मी एक काडी धरली, जाडी पाहिली, सोडली, दुसरी धरली, मग खिशातून घडी घातलेली पानं काढली. शेजारच्या ओळीत पेठ तालुक्यातून आलेल्या बाया कचाकच कात्र्या चालवत पुढे गेल्या, टोकाला वळल्या आणि माझ्या ओळीच्या दुसऱ्या बाजूने परत आल्या. त्यातली एक थांबली.

"सायेब, तुमचं वाचून झालं का? ही ओळ बी आम्हीच घेतो."