सर्व्हर परदेशात म्हणून कायदा लागू नाही, हे खरं नाही
खानापूर-निपाणीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'कर्जाच्या ॲपचा सर्व्हर परदेशात असेल तर भारताचा कायदा चालत नाही, आणि ॲप पुण्याचं असेल तर कर्नाटकातून तक्रार होत नाही.' दोन्ही चूक.

आमच्या गल्लीतल्या एका ताईंच्या फोनमधले सगळे नंबर अशाच ॲपने उचलले. माहेरी फोन गेले, मुलाच्या शाळेतल्या बाईंनाही गेले. हा मेसेज वाचून त्या गप्प बसल्या, म्हणून लिहितोय.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ केंद्राचा आहे. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या शिनोळीच्या अलीकडे-पलीकडे तोच. भारतातल्या लोकांना माल किंवा सेवा देण्यासाठी त्यांचा डिजिटल डेटा परदेशात हाताळला, तरी कलम ३ प्रमाणे तो लागू होतो. सर्व्हर सिंगापूरला असो की दुबईला.

मात्र नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि कलम ३ सकट कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यापुढे १८ महिन्यांची मुदत आहे. तोवरही वाट बंद नाही. गुन्ह्यात भारतातला संगणक गुंतला असेल, तर माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम ७५ परदेशातल्या माणसापर्यंतही पोचतं. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा.