शर्टाची राखण

शर्टाच्या दुकानात शिरलं की पहिला प्रश्न येतो, ‘सर, साइझ?’ आणि तो विचारताना सेल्समन आपल्या तोंडाकडे नाही, पोटाकडे बघत असतो. आपण ‘४२’ म्हणायचं, त्याने मान डोलवायची आणि दोघांनीही मनातल्या मनात ४४ धरायचं, असा एक सभ्य करार मुंबईत पूर्वापार चालत आलाय. गंमत म्हणजे तो आकडा पोटाचा नसतोच, छातीचाही नसतो. फॉर्मल शर्टांवर ३८, ३९, ४०, ४२, ४४ असे जे नंबर असतात, ते बहुतेक ब्रँडांच्या हिशेबात कॉलरचे सेंटिमीटर असतात. मधेच तो ३९ कुठून उपटला, हे कोडं तिथे सुटतं. माप घ्यायचं गळ्याचं आणि भोगायचं पोटाने.

यंदा लेकीला नोकरी लागली आणि पहिल्या पगारात ‘बाबाला एक खरंच चांगला शर्ट’ असा ठराव घरात बिनविरोध मंजूर झाला. बिनविरोध, कारण मला मताचा अधिकार नव्हता. माझे शर्ट ‘दोनवर दोन फ्री’ या जातीचे. कॉलर विरली की ते घरात घालायचे, कोपर फाटलं की त्यांनी स्कूटर पुसायची. एवढ्या वर्षांत ना मी त्यांची विचारपूस केली, ना त्यांनी माझ्याकडून कसली अपेक्षा ठेवली. अतिशय मोकळा संसार होता.

खरेदीला गेलो लोअर परळच्या एका मॉलमध्ये. या भागात आता काचेचे टॉवर आहेत आणि त्यांतल्याच एकात माझं ऑफिस आहे. पूर्वी इथे गिरण्यांचे भोंगे वाजायचे. माझे वडील, अण्णा, इथल्याच एका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यांतल्या पुष्कळांसारखे अण्णाही पुन्हा आत गेले नाहीत. आत जायचा मान मला मिळाला. एस्केलेटरवरून, शर्ट विकत घ्यायला. अण्णांना बरोबर चला म्हटलं, तर ‘तिथे आता कापड विणत नाहीत, त्यांना कापडातलं काय कळणार?’ असं म्हणून ते पेपर वाचत घरीच बसले.

दुकानात एसी इतका गार होता की कोणताही शर्ट बरा वाटावा. ‘सर, टू-प्लाय, हंड्रेड्स का है. हात लगा के देखिए.’ मी हात लावला. लेकीने विचारलं, ‘हंड्रेड्स म्हणजे?’ सेल्समनने ‘प्रीमियम, मॅम,’ म्हणून विषय मिटवला. गिरणगावात वाढलेल्या माणसाला एवढ्यावर गप्प बसवत नाही. ८४० वारांची एक लड, आणि अशा जितक्या लडी एका पौंडात बसतील तितका सुताचा काउंट. शंभर काउंट म्हणजे पौंडभर, म्हणजे साडेचारशे ग्रॅम, सुताची लांबी ८४,००० वार. साधारण ७७ किलोमीटर. चर्चगेटहून सोडलं तर विरारला पोचून वर उरेल. जितकं सूत लांब तितकं ते बारीक, कापड तितकं मऊ आणि किंमत तितकी पुढची. टॅग उलटून पाहिला तर किंमत विरार ओलांडून डहाणूला लागलेली.

एवढे पैसे द्यायचे तर माल नीट बघून घ्यावा. चौकडीचा शर्ट असेल तर पुढची पट्टी बंद केल्यावर चौकडी दोन्हीकडून जुळली पाहिजे. टाके बारीक हवेत. चांगल्या शिलाईत इंचाला सोळा-अठरा सहज भरतात. काजाच्या कडेने दोरे लोंबत असतील तर तिथूनच परत फिरावं. मी चष्मा कपाळावर सरकवून टाके मोजायला लागलो तेव्हा सेल्समनने जरा दूर जाऊन मॅनेजरशी काहीतरी बोलून घेतलं.

मग ट्रायल. नवा शर्ट उघडणं हे एकट्यादुकट्याचं काम नव्हे. आरोपीसारखे हात मागे बांधून त्याला पुठ्ठ्यावर आवळलेला असतो. कॉलरीखाली पारदर्शक पट्टी, गळ्याशी प्लास्टिकचं फुलपाखरू, बाह्यांना क्लिपा, आणि सगळ्या बाजूंनी टाचण्या. टाचण्या काढून कुठे ठेवायच्या याची सोय जगातल्या कुठल्याच ट्रायल रूममध्ये नाही. एक ओठांत धरायची, एक जुन्या शर्टाच्या कॉलरीला टोचायची, बाकीच्या तळहातावर. मग एका हाताने बटणं लावताना कळतं की माणसाला आणखी एक हात द्यायला हवा होता. एवढं करून शेवटची टाचणी कमरेच्या मागच्या बाजूला दबा धरून राहतेच. ती आपलं अस्तित्व बसल्यावर कळवते.

आरशात मी बरा दिसलो. लेक म्हणाली, ‘बाबा, मस्त!’ पण दोन्ही हात खाली सोडून, पोट आत घेऊन, शांत उभा असलेला माणूस कुठल्याही शर्टात मस्तच दिसतो. मुंबईत तसा उभा राहतो कोण? म्हणून मी उजवा हात वर करून न दिसणारं हँडल पकडलं, डाव्या हाताने बॅग पोटाशी धरली, मागच्याला जागा द्यावी तसा अर्धा वळलो आणि टाचा उचलून पुढे डोकावलो. शर्टाचं टोक पँटमधून बाहेर आलं. तिसऱ्या आणि चौथ्या बटणाच्या मधे खिडकी उघडली आणि बनियनने बाहेर बघून घेतलं.

‘सर, शर्ट में कुछ प्रॉब्लेम है?’

‘दादर येऊ दे, मग सांगतो.’

लेकीने कपाळावर हात मारला आणि ‘स्लिम फिट नको, रेग्युलर द्या’ असं पटकन सांगून टाकलं. रेग्युलरमध्ये खिडकी बंद झाली. टोक मात्र बाहेर यायचं ते आलंच.

आणि खिसा नव्हता. ‘सर, प्रीमियम में पॉकेट नहीं आता.’ म्हणजे पैसे वाढवले की खिसा काढून घेतात. याला इतिहास आहे म्हणे, आणि तो खराही आहे. विलायतेत शर्ट हा बराच काळ आतला कपडा होता. वरून वेस्टकोट, त्यावर कोट, आणि खिसे त्या वेस्टकोटाला. शर्टाला कोण बघतंय? त्या साहेबाचा आतला कपडा आपण भर मे महिन्यात टाय लावून बाहेरचा म्हणून मिरवतो, आणि त्याचा खिसा गेला म्हणून त्याला उच्च अभिरुची म्हणतो. चष्मा, पेन, आणि बायकोने दिलेली ‘येताना कोथिंबीर आणा’ची चिठ्ठी या अभिरुचीने कुठे ठेवायची ते मात्र कोणी सांगत नाही.

शर्ट घेतला. लेकीच्या पगाराचा होता. त्यापुढे खिशाचं काय घेऊन बसायचं!

घालायची वेळ आली तेव्हा खरी परीक्षा सुरू झाली. सुती कापडाला इस्त्री कशी बसते, तर ओल, ऊब आणि दाब या तिघांच्या जोरावर. कापसाच्या धाग्यातले रेणू एकमेकांना हायड्रोजनच्या बंधांनी धरून असतात. पाणी आणि उष्णता मिळाली की ते बंध सुटतात, आणि वाळताना कापड ज्या अवस्थेत असेल तिथेच पुन्हा पक्के होतात. इस्त्रीवाला या नियमाने कापड सरळ करतो. आता सकाळच्या बोरिवली फास्टमध्ये बघा. ओल आहे, ऊब आहे आणि दाबाला तर तोड नाही. तिन्ही गोष्टी फुकट आणि मुबलक, फक्त कापड सरळ धरायला कोणी नाही. त्यामुळे बोरिवलीला चढलेला शर्ट दादरला उतरतो तेव्हा त्याच्या पाठीवर मागच्या गृहस्थांच्या बॅगेची चेन दातांसकट उमटलेली असते. वर निळा शर्ट घाम लपवत नाही; काखेपासून निघालेलं गडद वर्तुळ लोअर परळला पोचेपर्यंत कमरेच्या दिशेने कूच करतं. पांढऱ्यात घाम दिसत नाही, पण बनियनचा ब्रँड वाचता येतो.

‘रिंकल-फ्री घ्यायचा ना,’ ऑफिसातले जाणकार म्हणाले. त्यात रेझिनची प्रक्रिया करून तेच रेणू कायमचे जखडून ठेवतात, म्हणून सुरकुती पडत नाही. पण त्याने कापड कडक होतं, कमजोरही होतं, आणि आपल्या हवेत आत आपण वाफवून निघतो. शर्ट ताजातवाना आणि आतला माणूस चुरगळलेला, यापेक्षा उलटं परवडलं.

महागडा शर्ट अंगावर आला की आपण त्याचे राखणदार होतो. गाडीत बसायला जागा मिळाली तरी मी टेकत नाही. पावसाचे चार थेंब पडले की छत्री डोक्यापेक्षा खांद्यावर जास्त धरतो. वडापाव तर सोडाच, पण घरचा डबासुद्धा मान जिराफाएवढी लांब काढून खातो. वरणाचा एक थेंब पडलाच एकदा, बरोबर पट्टीवर. ‘साबण लावा पटकन,’ म्हणून शेजारच्या टेबलावरून सल्ला आला आणि साबण लागताच पिवळा डाग लालभडक झाला. हळदीचा रंग अल्कलीत लाल होतो, हे शाळेच्या प्रयोगवहीत मी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, पण प्रयोगवहीला हजार-हजार रुपयांच्या बाह्या नव्हत्या. मग घरी बायकोने शर्ट धुऊन कडक उन्हात टाकला. हळदीचा रंग उन्हापुढे टिकत नाही. डाग दोन-तीन उन्हांत गेला, आणि जाईपर्यंत ती मला ‘अहो, शर्टाचे मालक’ अशी हाक मारत होती.

इस्त्रीवाला आमचा चांगला माणूस. कोळशाची इस्त्री, हात सफाईदार, बोलणं कमी. पण कॉलरीची टोकं ताठ राहावीत म्हणून आत प्लास्टिकच्या पट्ट्या असतात आणि इस्त्रीआधी त्या काढायच्या असतात, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. शर्ट परत आला तो कॉलरीवर त्या पट्ट्यांचा ठसा घेऊन. ‘काका, इसमें हड्डी थी,’ तो म्हणाला. खरं तर तक्रारीच्या सुरातच म्हणाला.

अण्णांनी शर्ट पहिल्यांदा नीट पाहिला तो तेव्हा. अंगठा आणि तर्जनीत कापड धरलं, डोळे मिटले, हळूच चोळलं. आम्ही सगळे निकालाची वाट बघत उभे.

‘कापड चांगलंय,’ ते नाइलाजाने म्हणाले. ‘खिसा कुठाय?’

‘नाहीये, अण्णा.’

‘मग पास कुठे ठेवतोस?’

‘पास मोबाइलमध्ये असतो आता.’

‘आणि मोबाइल?’

मी उत्तर दिलं नाही. पुढच्या शनिवारी अण्णा, लेक आणि मी क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मंगळदास मार्केटात होतो. तिथे वय झालेली माणसं तरुण होतात. एकाला एक लागून दुकानं, गाद्यांवर बसलेले शेठ, आणि ‘आओ काका, शर्टिंग’ म्हणत पायाशी उलगडले जाणारे तागे. अण्णांनी चार दुकानं नुसत्या बोटांनी नापास केली. पाचव्यात त्यांना एक बारीक पांढरी-करडी रेघ आवडली.

‘काका, एकदम प्युअर कॉटन,’ शेठ म्हणाले.

अण्णांनी कापडाच्या कडेचा एक धागा ओढून काढला, बोटाला गुंडाळला आणि अगदी घरगुती आवाजात विचारलं, ‘काडेपेटी आहे?’

दुकानात शांतता पसरली. ताग्यांच्या ढिगावर बसलेला पोरगा उठून उभा राहिला. शेठनी हात जोडले. ‘काका, ये पूरा मार्केट कपडे का है!’

‘म्हणून तर विचारतोय.’

लेकीने आजोबांना दंडाला धरून बाहेर रस्त्यावर आणलं. पानाच्या टपरीवर दोरीला टांगलेल्या लायटरवर धागा धरला. पॉलिएस्टर असेल तर तो आकसतो, वितळतो आणि टोकाला कडक मणी धरतो. हा कागद जळावा तसा वास देत सरळ जळाला आणि बोटात चुरली तर मऊ राख. ‘खरं बोलतोय माणूस,’ अण्णा म्हणाले, आणि खरं बोलल्याची शिक्षा म्हणून परत जाऊन त्यांनी भाव आणखी पाडला. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, ५८ इंच होता, म्हणून एक मीटर साठ सेंटिमीटर पुरलं. ३६ चा असता तर सव्वादोन मीटर लागलं असतं.

लालबागच्या मास्तरांनी टेप गळ्यातून काढली. ‘श्वास सोडा,’ म्हणाले. मी सोडला. त्यांनी पोटाचा आकडा पोराला मोठ्याने सांगितला आणि पोराने तो मान वर करून पुन्हा विचारला. मी शर्ट वर येण्याची तक्रार मांडली, हात वर करून दाखवलीसुद्धा. मास्तर हसले नाहीत. ‘मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो घेर, खाली कापलेला असतो रेडिमेडला, सगळ्यांना बसावा म्हणून. मुंढा ढिला असला की हात वर केला की बाहीबरोबर अख्खा शर्ट वर ओढला जातो. काखेशी जरा वर घेतला की शर्ट जागेवर राहतो. पहिल्यांदा आवळल्यासारखं वाटेल, मागाहून मला दुवा द्याल.’ एवढं साधं उत्तर. डहाणूपर्यंतचं भाडं भरून मला ते एसीत कोणी दिलं नव्हतं.

‘खिसा?’ मास्तरांनी विचारलं.

‘दोन,’ अण्णा म्हणाले. ‘झाकणवाले.’

‘ई, आजोबा! एकच. आणि झाकण अजिबात नको.’

‘पेन पडतं झाकण नसलं की.’

‘बाबा पेन वापरतो कुठे आता?’

दोघांचं जोरात सुरू झालं. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं, कापडाचा तुकडा कापून पानाला टाचला आणि पावती फाडून माझ्या हातात दिली.

‘मंगळवारी फोन करा,’ म्हणाले, ‘कधी फोन करायचा ते सांगतो.’