त्या ‘खान्देशी रक्त’वाल्या फॉरवर्डबद्दल एकदाचं लिहूनच टाकतो

गेल्या पंधरा दिवसात तो मेसेज मला सहा ग्रुपवर आला, त्यातले दोन ग्रुप तर एकाच भावकीचे. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: संकट आलं की शहरातली माणसं सैरभैर होतात, एकमेकांना तुडवतात, दुकानं लुटतात. आपला खान्देशी माणूस मात्र ४५ डिग्रीत वाढलेला, सहनशक्ती त्याच्या रक्तातच, गावात एकोपा, बायका धरणीसारख्या सोशिक, म्हणून आपण आपोआप सावरतो, आपल्याला ना सरकारी मदत लागते ना समुपदेशन-बिमुपदेशन. आपल्या आजोबांनी बहात्तरचा दुष्काळ कुणापुढे हात न पसरता काढला, फुकटच्या मदतीनेच आजची पिढी बिघडली. शेवटी हात जोडलेले आणि ‘खरा खान्देशी असाल तर पुढे पाठवा’.

वाचून छाती फुगते, माझीपण फुगली, खोटं कशाला बोलू. पण मी चाळीसगावचा. ३१ ऑगस्ट २०२१ ला तितूर आणि डोंगरी गावात घुसल्या तेव्हा मी तिथेच होतो, आणि त्या मेसेजमधलं ‘आपोआप’ काय असतं ते मी बघितलंय, म्हणून एकेक घेतो.

सैरभैर होण्याचा मुद्दा. यावर लगेच कुणीतरी परधाड्याचं उदाहरण देणार हे माहितीये मला, आपल्या पाचोऱ्याजवळचंच. २२ जानेवारी २०२५, पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग लागल्याची अफवा उठली, कुणीतरी साखळी ओढली, गाडी थांबली, काही जण खाली शेजारच्या रुळावर उतरले आणि तेवढ्यात त्या रुळावरून कर्नाटक एक्सप्रेस आली. डझनभर माणसं गेली. ‘बघा, पब्लिक वेडी होते’ असं तेव्हापण सगळे म्हणाले. पण नीट विचार करा ना भाऊ, डबा पेटलाय असं तुम्हाला खरंच वाटत असेल तर तुम्ही काय कराल? खाली उतराल. त्यांचं वागणं वेडं नव्हतं, त्यांना मिळालेली माहिती चुकीची होती, आणि बरोबर माहिती चटकन सांगणारं त्या डब्यात कुणी नव्हतं. एन्रिको क्वारांटेली नावाच्या समाजशास्त्रज्ञाने अख्खं आयुष्य यावर घातलं, १९६३ मध्ये अमेरिकेत आपत्तींचा अभ्यास करणारं केंद्र उभं करणाऱ्यांपैकी तो एक. त्याचं म्हणणं असं की खरी आंधळी पळापळ फार क्वचित होते, सुटायची वाट आहे पण ती आत्ता बंद होणार आणि आपलं कुणी नाही असं वाटलं तरच. बाकी बहुतेक वेळा माणसं आधी आपल्या माणसाला शोधतात, मग शेजाऱ्याला. आणि हे शहरातपण असंच असतं. १७ जानेवारी १९९५ ला जपानात कोबेचा भूकंप झाला, सहा हजारांवर माणसं मेली, पण ढिगाऱ्यातून जी जिवंत निघाली त्यातली बहुतेक घरच्यांनी नाहीतर शेजाऱ्यांनी काढली, सरकारी पथकं नंतर पोचली. कोबे काही खेडं नाही.

लुटालुटीचं एका उदाहरणात आटपतो. २००५ ला न्यू ऑर्लिन्समध्ये कतरिना वादळानंतर चॅनलवाल्यांनी स्टेडियममध्ये खून आणि बलात्कार चाललेत म्हणून दिवसरात्र सांगितलं, नंतर त्यातलं बहुतेक अफवाच निघालं. पण मधल्या काळात पोलिसांना लोकांना वाचवायच्या कामावरून काढून लुटारू धरायच्या कामावर लावलं होतं. अभ्यासकांनी याला शब्दच काढलाय, वरच्यांची घबराट. म्हणजे खालची माणसं एकमेकांना पाणी देत असतात आणि घाबरलेले असतात ते खुर्चीवाले.

आता रक्ताचा आणि ४५ डिग्रीचा मुद्दा, हा मला सगळ्यात जास्त खटकला कारण यात माणसं मरतात. भुसावळला मे महिन्यात ४५-४६ झालं की आपण स्टेटस ठेवतो, जणू काही मेडल मिळालं. अहमदाबादची माणसंपण उन्हातच वाढलेली आहेत ना? मे २०१० मध्ये तिथे पारा ४६.८ ला गेला आणि त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ जास्त मृत्यू झाले असं नंतर संशोधकांनी मोजलं. उन्हात वाढलेलं रक्त काही कामाला आलं नाही. त्यानंतर २०१३ पासून तिथे उष्णतेचा आराखडा सुरू झाला, आधी इशारा द्यायचा, दवाखाने तयार ठेवायचे, पाण्याची सोय करायची, असं सगळं.

आणि शिकागोचं ऐका. जुलै १९९५, पारा ४१. हसू नका, आपल्याकडे ४१ म्हणजे बरा दिवस, पण तिथे दमट हवा आणि बंद खोल्या. ७३९ माणसं नेहमीपेक्षा जास्त मेली. एरिक क्लिनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने शेजारशेजारच्या दोन वस्त्या घेतल्या, दोन्ही गरीब, दोन्हीकडे एकटे राहणारे म्हातारे भरपूर. एकीत मृत्यूचं प्रमाण दुसरीच्या दहापट. फरक काय होता? जिथे कमी मेले तिथे रस्त्यावर दुकानं होती, वर्दळ होती, म्हातारं माणूस भाजी आणायला किंवा थंड दुकानात दोन मिनिटं टेकायला बाहेर पडायचं, दोन दिवस दिसलं नाही तर कुणाच्यातरी लक्षात यायचं. दुसरीकडे कारखाने बंद पडलेले, दुकानं उठलेली, प्लॉट ओसाड, भीतीने दारं बंद. अजून एक, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बायका संख्येने जास्त होत्या पण मेले जास्त पुरुष, कारण बायकांचं कुणाशीतरी बोलणं-चालणं होतं, पुरुषांचं कुणाशीच नव्हतं.

हे वाचून मला आमची जळगावची कॉलनी आठवली. पोरं पुण्यात, हिंजवडीत, कुणी बाहेरदेशी. आईबाप इथे थ्री बीएचकेत, कूलर चालू, दार बंद, दूध ॲपवरून. आजीच्या गावाला दुपारी कुणी जाताना ओट्यावरून ओरडायचंच, ‘घरमा कोनी शे का?’ आणि आतून हू आलं की पुढे जायचं. तो आवाज कॉलनीत कोण देतं सांगा. खान्देशी रक्त दोन्हीकडे तेच आहे.

बहात्तरचा दुष्काळ. इथे तर मेसेज लिहिणाऱ्याने आजोबांना सरळ खोटं पाडलंय. हात पसरले नाहीत? माझी आजी पारोळ्याकडची, ती खडी फोडायला जायची, पाझर तलावाच्या कामावर टोपल्या उचलायची, मिळेल तो लाल मिलो (अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी) आणि सुकडी (वाटपाचं पौष्टिक पीठ) खाऊन पोरं जगवली. ती कामं कुणी काढली होती? सरकारने. आणि सरकारने ती स्वतःहून काढली असंपण नाही, लोकांनी मोर्चे काढले, तहसिलीवर बसले, काम द्या म्हणाले. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. ज्याँ द्रेझ आणि अमर्त्य सेन या अर्थतज्ज्ञांनी हा दुष्काळ तपासून दाखवलं की पिकं पार गेलेली असतानासुद्धा मोठ्या संख्येने भूकबळी टळले ते मुख्यतः या कामांमुळे, लोकांच्या हातात मजुरी आली म्हणून बाजारातून धान्य घेता आलं. पुढे १९७७ ला रोजगार हमीचा कायदा झाला, २००५ ला देशभराचा. आपल्या शहाद्यालाच बघा, १९७२ ला श्रमिक संघटना उभी राहिली, अंबरसिंग महाराजांसारखा भिल्ल पुढारी, सालदार (वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारे गडी) आणि मजूर मजुरीसाठी लढले, आणि त्याच काळात आदिवासी बायकांनी गावोगावी दारूची मडकी फोडली. ते पण संकटाला तोंड देणंच होतं, गप्प बसून सोसणं नव्हतं. आजी म्हणायची, ‘काम मांगाले कसानी लाज?’ ती तर कामाला गेली म्हणून आळशी झाली नाही, उलट शेवटपर्यंत आम्हाला कामाला लावायची.

बायका सोशिक. हे वाक्य कुठलाही पुरुष फार सहज टाईप करतो. चाळीसगावला पाणी उतरल्यावर आमच्या गल्लीत गुडघाभर गाळ होता. पुरुष लोक फोटो काढत होते, पंचनाम्याला तलाठी कधी येतो ते विचारत फिरत होते (मीपण). त्या दोन दिवसात कुणाची चूल पेटली, कुणाची नाही, कुणाच्या बाळंतिणीला कोरडं अंथरूण नाही, कुणाच्या सासऱ्याच्या शुगरच्या गोळ्या वाहून गेल्या, याचा अख्खा हिशोब माझ्या काकूच्या डोक्यात होता. ‘चूल पेटनी का?’ एवढंच विचारत ती घरोघर गेली, आणि नाही म्हटलं तर तिसऱ्या घरातून भाकरी हलवल्या. मेसेजवाला ज्याला रक्तातली सहनशक्ती म्हणतो ती मला तिथे अशी दिसली. काम होतं ते, डोक्याचं आणि कमरेचं. नंतर तिची कंबर महिनाभर धरली होती, ते कुणाच्या पंचनाम्यात आलं नाही.

आकडापण आहे. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची रोजची सरासरी २९९ मिनिटं निघाली आणि जे पुरुष घरकाम करतात त्यांची ९७. हे साध्या दिवसाचं, संकटात यावर अजून चढतं. आशाताईंचं घ्या, कोरोनात दारोदार फिरल्या, जून २०२१ मध्ये मानधनासाठी राज्यात संपावर जावं लागलं, आणि मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. टाळ्या मिळाल्या. पगार अजून मानधनच.

समुपदेशन कशाला, आपली माणसं आपोआप सावरतात, हा पुढचा. कधी सावरतात, कधी नाही सावरत, आणि ते मनाच्या ताकदीपेक्षा आजूबाजूची माणसं राहिली की नाही यावर जास्त ठरतं. १९७२ मध्येच, योगायोग बघा, अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियाच्या बफेलो क्रीक खोऱ्यात कोळसा खाणीचा बांध फुटला, १२५ माणसं गेली, हजारो बेघर झाली. सरकारने राहायला फिरती घरं दिली, चांगलंच केलं, पण जे रिकामं असेल ते वाटत गेले, कुणाचा शेजारी कोण हे बघितलंच नाही. काई एरिक्सन हा समाजशास्त्रज्ञ नंतर तिथल्यांशी बोलला तर पूर बघितल्याचा धक्का एक आणि आपली माणसं पांगल्याचा धक्का दुसरा, आणि हा दुसरा काही केल्या जाईना. घर मिळालं होतं, ओटा गेला होता. आपल्या अक्कलकुवा-धडगावची नर्मदाकाठची ३३ गावं सरदार सरोवरात आली, तिथल्या माणसांना विचारा. सातपुड्यात एकाच्या शेतावर किंवा घर बांधायला सगळे जातात त्याला लाह म्हणतात, ज्याचं काम त्याने जेवण द्यायचं, उद्या दुसऱ्याचं. गाव चार वसाहतींत वाटलं गेलं तर लाह कुणासोबत करायची?

राहिला एकोपा, आणि इथे मला आपल्याच बाजूला चिमटा काढावा लागेल. मे २०२० मध्ये, लॉकडाऊनच्या काळात, मुंबई-आग्रा रोडने धुळे-शिरपूरवरून सेंधव्याकडे माणसं पायी आपापल्या गावी चालली होती, पोरं खांद्यावर. त्या रोडच्या गावांनी भाकरी-ठेचा दिला, पाण्याच्या टाक्या ठेवल्या, चपला वाटल्या, अभिमान वाटावा असंच होतं ते. आणि त्याच दिवसात सुरतेहून परत आलेल्या आपल्याच पोरांना गावात येऊ नये म्हणून रस्त्यावर बाभळीच्या फांद्यापण आपणच टाकल्या होत्या. एकच गाव दोन्ही करतं. एकोपा असतो, पण त्याला कुंपण असतं आणि कुंपणाबाहेर कोण हे आधीच ठरलेलं असतं.

डॅनियल ऑल्ड्रिच या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञाने २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत हेच पाहिलं. ज्या मच्छीमार गावांची जातपंचायत मजबूत आणि बाहेरच्या संस्थांशी ओळख, त्यांना मदत पटकन मिळाली, यादी व्यवस्थित, वाटप व्यवस्थित. पण त्याच यादीतून दलित, विधवा, बाहेरून आलेली कुटुंबं सुटली, कारण यादी करणाऱ्यांच्या लेखी ती गावाची नव्हती. म्हणजे घट्ट एकोप्यानेच काहींना वाचवलं आणि काहींना बाहेर ठेवलं.

आमच्याकडे यादी झाली तेव्हा मळ्यात राहणारं एक सालदाराचं कुटुंब होतं. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) साल धरलेलं, म्हणजे येऊन चार महिनेपण नीट झाले नव्हते. भांडी, दोन बकऱ्या, पोरांची दप्तरं, सगळं गेलं. पंचनामा झाला तो मालकाच्या नावाने, कारण जागा मालकाची. सालदाराचं नाव कुठल्याच रकान्यात बसेना आणि आमच्यापैकी कुणी ते बसवायला भांडलंपण नाही, मी धरून. काकूने त्यांना दोन पातेली आणि एक गोधडी दिली. पुढच्या आखाजीला ते कुटुंब मळ्यात नव्हतं, गुजरातेत ऊसतोडीला गेलं असं कुणी म्हणालं, नक्की कुठे ते विचारलं तर मालकालापण सांगता आलं नाही.