घरच्यांना थँक्यू म्हणायचं नसतं?

काल फॅमिली ग्रुपवर पुन्हा तेच. काकाने दादरहून टाकलं, "घरच्यांना थँक्यू म्हणायचं नसतं, परकेपणा येतो. तिकडचे जर्मन लोक दिवसभर डांके डांके (म्हणजे थँक्यू) करतात आणि आईबापाला होममध्ये टाकतात." खाली सगळ्यांचे जोडलेले हात. डोकंच फिरलं माझं.

त्यातलं ते 'तिकडचे' जास्त लागलं. जर्मनीतलं स्टुटगार्ट आणि मुंबई 1968 पासून सिस्टर सिटी आहेत, अकरा वर्षं मी इथे राहतेय, आणि ग्रुपवर आता मीही तिकडचीच.

काका, इथे 2020 पासून मुलाचं वार्षिक उत्पन्न 1 लाख युरोच्या वर असेल तरच आईबापाच्या केअरचा खर्च सरकार त्याच्याकडून मागतं. तरी खालच्या आजींची मुलगी दर रविवारी केक घेऊन येते, धाक कसलाच नाही. आपल्याकडे मात्र आईवडिलांना पोसा म्हणून 2007 मध्ये कायदा करावा लागला, वर पोटगी जास्तीत जास्त महिना 10 हजार. न बोलता सगळं कळत असतं तर ही वेळ आली असती का?

याच आजींनी मागच्या केअरवोखेला, म्हणजे बिल्डिंगचा जिना साफ करायची माझी पाळी होती त्या आठवड्यात, बेल वाजवून सांगितलं, जिना नीट पुसला नाहीस. राग आला होता. पण आता त्या "छान केलंस" म्हणतात ना, तेव्हा ते खरं वाटतं.

आणि आपण? मार्चमध्ये आई पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं, मला नऊ दिवस पत्ता नाही. व्हिडिओ कॉलवर उशीची खोळ हिरवी दिसली म्हणून मी विचारलंसुद्धा, तर वहिनी म्हणाली, घरच्या धुवायला टाकल्यात. जर्मन तत्त्वज्ञ कांटने 1797 मध्ये लिहिलं की मित्राच्या जिवावर उठलेला माणूस दारात आला तरी त्याच्याशी खोटं बोलू नये. मला नाही पटत ते, तिथे मी बिनधास्त खोटं बोलेन. पण इथे दारात मारेकरी नव्हता हो, विचारणारी आईची मुलगी होती.

एवढं सगळं टाइप केलं आणि पाठवलंच नाही. कारण त्या नऊ रात्री आईच्या खाटेशेजारच्या बाकड्यावर वहिनी झोपली, सकाळी तिथूनच ऑफिसला गेली, आणि मी काय केलं, पैसे पाठवले. आभार मानले नाहीत. घरचीच ना ती. काकाचंच वाक्य मीसुद्धा सोयीने वापरत आले.

शेवटी तिला फोन लावला, तिकडे रात्रीचे साडेअकरा. म्हटलं, वहिनी, त्या नऊ रात्रींसाठी थँक्यू, कधी म्हटलंच नाही गं तुला. ती गप्प. मग घाबरून म्हणाली, "तू बरी आहेस ना? काही लपवत नाहीयेस ना?"

माझी नोकरी जाऊन दोन महिने झालेत. ते तेव्हा तिला पहिल्यांदा सांगितलं.