परतीच्या रस्त्याविषयी : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

जळगाव जिल्ह्यातले अमळनेर सोडून सुरतला स्थायिक होण्याचा निर्णय आम्ही का घेतला, या माझ्या लेखावरील आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. पुण्याऐवजी सुरत निवडताना मी मुलीच्या शिक्षणाचा, तापीच्या पुराचा आणि दमट हवेचा विचार केला नाही, असा आपला आक्षेप आहे. शेवटी आपण लिहिले आहे, ‘भाऊ, तुम्ही नवे शहर निवडलेच नाही, गावाकडे परतायचा रस्ता निवडला. खानदेशी माणूस असाच मागे राहतो.’

एक चूक आधी मान्य करतो. सुरतेतल्या उधन्याहून अमळनेरमार्गे जाणारा उधना-जळगाव लोहमार्ग अजून एकेरी असल्याचे मी लिहिले होते. त्याचे दुहेरीकरण पूर्ण झाले आहे, हे आपण योग्य दाखवून दिले. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता आपल्या त्या शेवटच्या दोन वाक्यांकडे येतो. आमच्याकडे कोणाला ‘भाऊ’ म्हटले, की त्याच्या सुखदुःखाची थोडी तरी जबाबदारी आपल्यावर येते. त्या शब्दापाठोपाठ एका संपूर्ण मुलखाला मागासलेला ठरवणे हे मी आजवर ऐकले नव्हते. मतभेद मला चालतात, परंतु ज्या माणसाला आपण कधी भेटला नाहीत त्याच्या भित्रेपणाचे निदान करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

माझे वडील १९८१ मध्ये एका पिशवीत दोन कपडे घेऊन सुरतेला गेले. तेथे त्यांची कोणाशी ओळख नव्हती. यंत्रमागावर बारा-बारा तासांच्या पाळ्या करून त्यांनी उधन्यात एक खोली घेतली आणि मग आईला नेले. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगची बातमी पसरली, तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. लाखो माणसे शहर सोडत होती. आम्हीही खचाखच भरलेल्या गाडीत दारापाशी उभे राहून अमळनेरला पोहोचलो. दीड महिन्याने वडील त्याच मार्गाने कामावर परत गेले. ते मागे राहिले, असे तुम्हाला म्हणायचे आहे का? परतता येते हे ठाऊक होते, म्हणूनच त्यांना घर सोडून जाता आले. सुरतेच्या लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत आज गल्लोगल्ली आमची अहिराणी बोली ऐकू येते आणि श्रावणात आमच्या कानबाई देवीचे रोट घरोघरी होतात, ते अशा जाण्यायेण्यातूनच. नवापूरच्या स्थानकात फलाटाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. आमच्या माणसांनी त्या सीमेची अडचण कधी मानली नाही.

पुण्याचा अनुभव मला नाही, असे तुम्ही गृहीत धरले आहे. मी तेथे साडेतीन वर्षे नोकरी केली आहे. २०१७ च्या मे महिन्यात संध्याकाळी सात वाजता अमळनेरच्या घरून फोन आला, की वडिलांना पक्षाघाताचा झटका आला आहे. रेल्वेचे आरक्षण मिळाले नाही. खासगी बस मिळाली, ती मनमाडच्या अलीकडे बंद पडली आणि दुसरी गाडी येईपर्यंत आम्ही तीन तास रस्त्याच्या कडेला उभे होतो. मी सकाळी साडेनऊला घरी पोहोचलो. वडील पहाटे चारला गेले होते. त्या रात्रीनंतर, राहायला कोणते शहर निवडावे याच्या यादीत मी पहिला रकाना परतीच्या प्रवासाचा केला, आणि तो पुसण्याचा माझा विचार नाही. आई आता चौऱ्याहत्तर वर्षांची आहे आणि ती गाव सोडणार नाही. उधन्याहून अमळनेर सुमारे अडीचशे किलोमीटर आहे, गाडी थेट आहे, आणि रात्री निघालो तर पहाटे तिच्या दारात उभे राहता येते. ज्या घरात म्हातारी माणसे मागे राहणार आहेत, त्या घराने शहर निवडताना पगाराआधी हेच पाहावे, असे मी लेखात लिहिले होते आणि पुन्हा लिहितो. याला ‘मागे राहणे’ म्हणताना तुम्हाला थोडा संकोच वाटायला हवा होता.

उरलेल्या मुद्द्यांवर फार लिहिण्याची गरज मला दिसत नाही. पूर म्हणाल, तर उकाई धरणातून पाणी सोडल्यावर ऑगस्ट २००६ मध्ये सुरत बुडाले हे खरे. परंतु १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले तेव्हा पुणेही वाहून गेले होते, म्हणून कोणी पुणे सोडले नाही. मुलगी तिसरीत आहे. सुरत महानगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत आणि तिच्या महाविद्यालयाचा प्रश्न यायला नऊ वर्षे आहेत. हवा दमट आहे. जळगावचा पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा काढलेल्या माणसाला त्याची भीती घालू नये. आणि ज्या सुरतेला तुम्ही ‘गलिच्छ मजुरांचे शहर’ म्हटले आहे, ते प्लेगनंतर आयुक्त एस. आर. राव यांच्या काळात झाडूनपुसून उभे राहिले आणि २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरच्या बरोबरीने देशात पहिले आले. त्या मजुरांत माझे वडील होते, हे लक्षात ठेवून पुढची प्रतिक्रिया लिहावी.

घर उधना स्थानकापासून पायी पंधरा मिनिटांवर घेतले आहे. भाडे, अनामत आणि सामान हलवण्याचा खर्च यांचा संपूर्ण हिशेब पुढील लेखात देणार आहे. त्यात चूक आढळली तर आकडा दाखवून सांगावी, मी ती आजच्यासारखीच दुरुस्त करीन. माझ्या मुलखाविषयी मात्र अशी भाषा येथे पुन्हा आली, तर मी उत्तर देणार नाही.